दुसऱ्या कोपऱ्यातला आकडा

माझ्या नवऱ्याने एका सकाळी बसथांब्यावर उठून मला जागा दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा मान त्याच्याकडून मला कधी मिळाला नव्हता. मी समोरच्या औषधाच्या दुकानातून रस्ता ओलांडून आले, तर हा बाकावर बसलेला, मांडीवर दोऱ्या-खुंट्यांची पिशवी. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तसा चटकन सरकला, मग पुरता उठलाच आणि म्हणाला, "बसा ना तुम्ही. माझी बस येईलच आता." आवाज इतका मऊ, की घरात हा आवाज ठेवतो तरी कुठे, असं मला वाटलं. म्हटलं, स्वारी आज रंगात आहे. सोंगं आणायची त्याची खोड जुनी. आमची मुलगी लहान होती तेव्हा तो अख्खा रविवार तिच्याकडे पाहुणा म्हणून राहायचा आणि संध्याकाळी पिशवी भरून जिन्यापर्यंत जायचा. मीही काही कमी नाही. ओठ मिटून, मान लववून, परक्या बाईसारखी बाकाच्या टोकाला टेकले. "उकडतंय फार, नाही?" तो म्हणाला. मी मान हलवली. "तुम्हालाही नदीकडेच जायचंय का?" पुन्हा मान. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. "मी बायकोची वाट बघतोय," तो सांगू लागला. "औषधाच्या दुकानात गेलीय. बसली असेल दुकानदाराला औषधांची नावं शिकवत." आता मात्र मला राहवेना. "शिकवावीच लागतात," मी म्हणाले. माझा आवाज ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी असावी, तसा क्षणभर सगळाच्या सगळा घसरला. मग तो मोठ्याने हसला. "कसं फसवलं!" म्हणाला. मीही हसले. बस आली. त्याने माझं कोपर धरून मला आधी चढू दिलं आणि मागोमाग चढला.

खिडकीशी बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी हसायची थांबले तरी तो हसतच राहिला होता. सोंग उघडं पडलं की सोंगाड्या खूश होतो, दचकत नाही. हा दचकला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. केसांना तेल लावलेलं, शर्टाचं बटण नीट, दाढी कानाखाली थोडी राहिलेली. ही दाढी हल्ली रोजच थोडी राहते. मी त्याला चिडवायचे, की आरशाशी भांडलास काय. तो म्हणायचा, म्हाताऱ्याला कोण बघतंय. मी खिडकी उघडली. बाहेरून डिझेलचा आणि ओल्या सिमेंटचा वास आला. पुलाचं काम चालू होतं, बस रखडत होती.

आमचा धंदा सांगायचा तर आम्ही दोघं नदीकाठच्या वाळुंजांची वर्गवारी करतो. वाळुंज म्हणजे पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड, एवढंच लोकांना ठाऊक असतं आणि त्यात चूकही काही नाही. पण काठाने जरा चालत गेलं की कळतं, ही काही एका घरची माणसं नव्हेत. उघड्या गोट्यांवर, जिथे नदी दर पुरात सगळं उचलून फेकते, तिथे कमरेएवढ्या चिवट झुडपांचा घोळका, जांभळट सालीचा. त्यांच्या मागे गाळ धरला की बदामासारख्या पानांची. आणखी मागे, जमीन बसली की रुपेरी पानांचे मोठे वृक्ष, ज्यांचा बुंधा आम्हां दोघांच्या कवेत येत नाही. प्रत्येकाच्या पायाशी ठरलेली मंडळी: इथे जंगली पुदिना, तिथे वेतासारखं उंच गवत, पलीकडे हाताला लागली की आग करणारी ती हिरवी कजाग बाई. अशी एकमेकांवाचून न करमणारी झाडं एका जागी नांदायला लागली, की आम्ही त्याला समाज म्हणतो, त्याला नाव देतो आणि मग नाव दिलं म्हणून त्याला कुणी मोडू नये यासाठी भांडतो. वाळुंजं आम्हाला यात काडीची मदत करत नाहीत. रोटीबेटीचा विधिनिषेध त्यांना नाही. जांभळी रुपेरीशी, रुपेरी आणखी तिसरीशी, आणि पोरं कुणाच्या तोंडवळ्याची ते त्यांनाच माहीत. माझ्या नवऱ्याला असली संकरित पोरं फार आवडतात. पान उलटं करून, डोळ्यांजवळ नेऊन, खालची लव बघून तो आजोबा-पणजोबा सांगायचा. या वर्षी त्याने एकदाही पान उलटं केलं नव्हतं. "तूच बघ, माझी पाठ धरलीय," असं म्हणायचा. मी पाठीला लावायचं मलम आणत होते. त्या दिवशीही तेच आणलं होतं.

पद्धत अशी असते. दोरीची चौकट जमिनीवर आखायची. एकाने या कोपऱ्यात उभं राहायचं, दुसऱ्याने समोरच्या. आधी चौकटीभोवती एक फेरी मारायची, मग आपल्या कोपऱ्यात येऊन ठरवायचं, की कुठल्या झाडाने जमीन किती झाकलीय, शंभरात किती. नुसत्या डोळ्यांनी. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. मग एक, दोन, तीन म्हणून दोघांनी एकदम आकडा बोलायचा आणि दोन्हींचा मध्य लिहायचा. एका डोळ्यावर भरवसा नको म्हणून दुसरा, एवढं साधं शास्त्र. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच चौकटीत समोरच्या कोपऱ्यात हा उभा होता, अंगात मोठ्या भावाचा ढगळ रेनकोट, आणि तीन म्हटल्याबरोबर तो ओरडला "सत्तर!" आणि मी म्हणाले "चाळीस." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या खिशातून काहीतरी काढून घेतलंय. "चाळीस? अहो बाई, पानं दिसतात ना तुम्हाला?" मी म्हटलं, "पानं दिसतात, पानांच्या मधलं उघडं पण दिसतं." आमचे तेव्हाचे साहेब, ज्यांना सगळे काका म्हणत, गोट्यांवर बसून पाय शेकत होते. ते म्हणाले, "तुम्ही दोघं लग्न करा बुवा. मध्य बरोबर येईल." आम्ही दोघंही लाजलो नाही, रागावलो. पुढल्या उन्हाळ्यात काकांनी फुग्याला कॅमेरा बांधून त्याच चौकटींचे वरून फोटो काढवले, तर खरा आकडा आमच्या दोघांच्या मधोमध निघाला. एकदा नाही, जवळजवळ दर वेळी. त्याच्या पुढल्या हिवाळ्यात आम्ही लग्न केलं. त्याने मला कंजूष म्हणायचं आणि मी त्याला उधळ्या, हे तेव्हापासून चालू आहे. मुलीच्या वाढदिवसाला किती खुर्च्या मांडायच्या इथपासून चहात साखर किती इथपर्यंत. आणि मध्य बरोबर येत गेला. मुलगी धड निघाली, घर धड चाललं.

या वर्षी मात्र आमचे आकडे जुळायला लागले. वसंतात पहिल्यांदा जुळले, तेव्हा आम्ही टाळी दिली. मग पुन्हा जुळले. मग जुळतच गेले. मी "पस्तीस" म्हणायचे आणि समोरून "पस्तीस" यायचं, माझ्याच आवाजाचा पडसाद यावा तसं. मला काय वाटलं ते लपवत नाही: मला फार बरं वाटलं. म्हटलं, इतकी वर्षं एका ताटात जेवून, एका खिडकीतून बघून शेवटी दोघांची नजर एक झाली. रात्री झोपताना मी हे त्याला सांगितलंही. त्याने अंधारात माझा हात शोधला आणि म्हणाला, "तुझीच नजर बरोबर होती, मला उशिरा कळलं." कुठली बायको असं ऐकून शंका घेईल? मी तर कार्यालयात सांगत सुटले. आमची सध्याची मुख्य, जिला आम्ही दोघांनीच शिकवलं आणि जिला आम्ही घाईबाई म्हणतो कारण ती जिना सुद्धा दोन-दोन पायऱ्यांनी चढते, ती म्हणाली, "अय्या, किती गोड!" आणि पुढचा कागद उलटला.

गोड तेवढंच होतं. उन्हाळा सरत आला तसा वर्षाच्या आकड्यांचा तक्ता भरत गेला आणि त्यात नदीच्या आमच्या वळणाचे आकडे खाली गेले. शहराच्या वर, जिथे नदी एकदम कूस बदलते, तिथे आतल्या बाजूला गोट्यांचा लांबलचक पट्टा आहे. आमची सगळ्यात लाडकी जागा. जांभळ्या झुडपांचा समाज या नदीवर आता तिथेच उरला आहे. नियम असा, की झुडपांनी निम्म्याहून जास्त जमीन झाकली असेल तर ते वाळुंजवन, त्याला कुणी हात लावायचा नाही. कमी असेल तर तो नुसता वाळूचा पट्टा, आणि मग बांधवाले तिथे दगडी अस्तर घालायला मोकळे. दर वर्षी वळण निम्म्याच्या थोडं वर असायचं. या वर्षी चौकटीमागून चौकट निम्म्याच्या थोडी खाली आली. पंचेचाळीस आणि पंचेचाळीस, मध्य पंचेचाळीस. मी जेवणाच्या टेबलाशी बसून रडले होते. म्हटलं, नदीचं पाणी उतरलं असेल, काही रोग असेल, आपल्या डोळ्यांदेखत गेली झाडं. दगड घातल्यावर आहेत ती झुडपं काही लगेच मरणार नाहीत, वयात येतील, म्हातारी होतील. पण वाळुंजाचं बी हट्टी असतं. कापसावर बसून येतं, थोडे दिवस जगतं आणि तेवढ्यात त्याला ताजी, ओली, उघडी वाळू लागते. ती वाळू नदीने नुकतंच कुणाचं तरी घर मोडून केलेली असते. लोक म्हणतात, एवढी काळजी आहे तर कुंपण घाला. कुंपणात वाळुंज राहत नाही. त्याला राखायचं तर नदीला राखावं लागतं, तिच्या सगळ्या आडदांडपणासकट. हे मी सभेत कितीदा सांगितलंय. सभेतले लोक चहा पितात. आता तक्ता दोन दिवसांनी सरकारकडे जायचा होता आणि आमच्या वळणावरच्या थोड्या चौकटी राहिल्या होत्या, म्हणून त्या दिवशी आम्ही निघालो होतो.

बस पुलावरून सुटली. खाली नदी दिसली, कडेला हिरवी, मध्ये पांढरी. मी सवयीने म्हणाले, "बघ, बगळे." तो म्हणाला, "हो, छान आहेत." बगळे नव्हते. मी बगळे म्हटलं आणि ते धुतलेले कपडे निघाले, काठावर वाळत घातलेले. मला ते दुसऱ्याच क्षणी दिसलं, त्याला दिसलं नाही. तो खिडकीकडे तोंड करून, चेहऱ्यावर कौतुक घेऊन बसला होता. मुलीने गेल्या महिन्यात नातीचा फोटो पाठवला होता, तेव्हाही त्याने फोन हातात धरून असंच कौतुक केलं होतं: "काय गोड हसतेय." ती रडत होती त्या फोटोत. आम्ही सगळे हसलो होतो, म्हटलं आजोबांचं प्रेम उफाळून आलंय. मलम, दाढी, कपाबाहेर सांडणारा चहा, उलटं न केलेलं पान, बसा ना तुम्ही. एकेक गोष्ट निरुपद्रवी होती, मी प्रत्येकीवर विनोद केला होता. पण तक्ता जुळवण्यात माझं आयुष्य गेलंय. ओळी वर-खाली करत राहायच्या, शेजारी कोण येतं ते बघत राहायचं, आणि मग एकदम, हात न लावता, सगळी मंडळी एका कोपऱ्यात गोळा झालेली दिसतात. तशी ती झाली. त्याला दिसत नाही. वसंतापासून दिसत नाही. तो चौकट बघत नाही, मला ऐकतो आणि माझा आकडा बोलतो.

आणि लगेच मागोमाग दुसरं कळलं. ते पहिल्याहून वाईट होतं, कारण त्यात त्याची चूक होती आणि माझीही. मी कंजूष. माझा डोळा कायम कमी बघतो, हे फुग्याने सिद्ध केलेलं आहे. माझ्या कमीला त्याचं जास्त भेटायचं, म्हणून मध्य खरा यायचा. या वर्षी माझा कंजूषपणाच दोनदा मोजला गेला. वाळुंजं कुठेही गेली नव्हती. वळणावरचं एक झुडूप कमी झालेलं नव्हतं. त्याने प्रेमाने माझ्या होला हो केलं होतं आणि त्या होकारावर दगड येऊन पडणार होते. हे थांबवायचं तर मला कार्यालयात जाऊन सांगावं लागणार, की दुसऱ्या कोपऱ्यात कुणी नव्हतं. म्हणजे तो कोपरा त्याच्याकडून काढून घ्यायचा. त्याला नदीवर नेणारं दुसरं काय आहे? त्याला घरी ठेवून मी एकटी या बसमध्ये बसायचं? मला त्याचा राग आला. इतका, की त्याच्या मांडीवरची पिशवी ओढून घेऊन फेकावीशी वाटली. मग त्याने झोप लागल्यासारखं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि मी खांदा जरा वर केला, त्याला नीट टेकता यावं म्हणून.

वळणावर पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. गोट्यांमधून गरम, माशाळ, ओलसर वास येत होता, जो मला कुठल्याही अत्तरापेक्षा आवडतो. तो भराभर चालत होता. आता मी बघत होते म्हणून दिसलं: तो पाय आधी घासत टाकायचा, मग वजन द्यायचा. खुंटीची जागा तो हाताने चाचपून शोधायचा आणि वर म्हणायचा, "इथेच होती, बघ, जशीच्या तशी." आम्ही दोरी ताणली. तो त्याच्या कोपऱ्यात गेला, मी माझ्या. झुडपं दाट होती, फांद्या वाऱ्याने उलट्या होऊन करड्या दिसत होत्या, पुन्हा हिरव्या होत होत्या. मी फेरी मारली. माझ्या डोळ्याने सांगितलं: पंचेचाळीस. मी त्याच्याकडे पाहिलं. तो उन्हात ताठ उभा होता, शाळेत तोंडी परीक्षेला उभं राहावं तसा, मान किंचित कलती करून, कान माझ्याकडे. इतका देखणा मला तो लग्नातही दिसला नव्हता. मग मी एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. माझा आकडा बाजूला ठेवला आणि त्याने पाहिलं असतं तसं पाहायला लागले. उधळ्या डोळ्याने. मधलं उघडं सोडून दिलं, नुसती पानं घेतली, पानांवर पानं, वारा, चमक, सगळं जमेला धरलं. सोपं नव्हतं ते. पण त्याला मी पाठ केलेलं होतंच की. "झालं?" मी विचारलं. "झालं," तो म्हणाला. एक, दोन, तीन.

"साठ," मी म्हणाले.

"पंचेचाळीस," तो म्हणाला.

त्याने ओठ ओले केले. "साठ?" तो हळूच म्हणाला. "तू साठ म्हणालीस?"

"तू म्हणाला असतास तेच म्हणाले. तू माझं म्हणालास."

तो दोरी ओलांडून, चौकटीच्या आतून, जिथे पाऊल टाकायला आम्ही सगळ्यांना बंदी करतो तिथून, झुडपं हातांनी बाजूला करत सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या पायाशी गोट्यांवर बसला. "कधी कळलं?"

"बसमध्ये. बगळे नव्हते रे ते."

"मला वाटलंच, तुझा आवाज नंतर बारीक झाला." तो हसला, मग हसणं सोडून दिलं. "मधलं गेलंय. दोन्ही डोळ्यांतलं. कडेकडेचं दिसतं. झाड आहे ते कळतं, पान कळत नाही. माणूस आहे ते कळतं." पुढचं त्याने सांगितलं नाही. "डॉक्टर म्हणाला, येणार नाही परत. वाढेल हळूहळू. आईचंच आहे हे."

सासूबाई. त्या माझ्याकडे पहिल्या दिवसापासून कधी सरळ बघायच्या नाहीत. मी चहा नेऊन दिला की तोंड फिरवून भिंतीकडे बघायच्या. नणंदेला मी म्हटलंही होतं, की तुझ्या आईला मी डोळ्यांसमोर नकोशी झालेय. कुणालाच कळलं नाही तेव्हा. त्यांनी कळू दिलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातलं घराणं.

"आकडा कसा कळायचा तुला?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढा मोठा विषय बाजूला असताना.

"त्यात काय. उघडी वाळू असली की तुझे बूट करकर वाजतात, तू पटापट फिरतेस. झाडी असली की पानं बाहीला घासतात, तू हळू होतेस. आकडा ठरला की नाकातून 'हं' करतेस. 'हं' लांबलं की पाचाने कमी." तो एक गोटा हातात फिरवत होता. "माझ्यापेक्षा बरोबरच असायचं ना तुझं. म्हटलं, काय बिघडलं? आणि हा कोपरा सोडला तर तू दुसऱ्या कुणाशी एक-दोन-तीन म्हणणार. ते मला सोसलं नसतं. बास, एवढंच कारण आहे. मोठं काही नाही."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्ही न करता मी त्याला तक्त्याचं सांगितलं. अर्धंच सांगावं लागलं. तक्ते जुळवण्यात तो माझा गुरू आहे. "थांब," तो म्हणाला. "तुझाच आकडा दोनदा." हातातला गोटा त्याने खाली ठेवला, अगदी हळू, जसा तो फुटणार होता. "म्हणजे झाडं आहेत? गेली नाहीत?"

"आहेत."

"मग मीच घालवत होतो वळण." आणि तो रडला. मला वाटलं तो डोळ्यांसाठी रडेल, पण डोळ्यांसाठी तो केव्हाच एकटा रडून मोकळा झाला असावा. हे रडणं झाडांचं होतं, त्यात मोठा हिस्सा सुटकेचा होता. "आहेत ना नक्की?" त्याने पुन्हा विचारलं. मी त्याचा हात धरून एका झुडपात घातला. त्याने फांद्या मोजल्यासारख्या चाचपल्या. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात," तो नाक पुसत म्हणाला. "फोन दे."

"मी बोलते घाईबाईशी. घरी गेल्यावर. काहीतरी नीट मांडून..."

"फोन दे गं."

मी नंबर लावून दिला. त्याने तो कानाला लावला आणि ताठ बसला. "या वर्षीचे माझे आकडे काढून टाक," तो म्हणाला. "सगळे. वसंतापासूनचे... नाही, हिशेबाची चूक नाही. मला दिसत नाही... हो. आत्ताच कळलं तिला... नाही, ती रडत नाहीये, मी रडतोय. ती रागावलीय. ऐक, रडायला नंतर ये. परवा तक्ता जायचाय आणि वळणाच्या चौकटी नव्याने बघायला हव्यात. खुंट्या जागेवर आहेत. उद्या ये तू. दुसऱ्या कोपऱ्यात तू उभी राहा." तिकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. तो ऐकत होता, मान हलवत होता. "बूट घालून ये," शेवटी म्हणाला. "मागल्या वेळी चपला घालून आली होतीस."

दुसऱ्या दिवशी घाईबाई आली. डोळे सुजलेले, बूट नवे आणि चावणारे. ती आल्या आल्या त्याच्या गळ्यात पडली आणि लगेच सुटून कामाला लागली, कारण तिला दुसरं काही येत नाही. मी त्याला घरी राहा म्हणाले नव्हते आणि त्यानेही विचारलं नव्हतं. सकाळी पिशवी त्याच्या मांडीवर होती, बस्स. दोरीचं एक टोक तो धरत होता, खुंट्या शोधत होता, आणि चौकट आखली की मुकाट्याने लांब, पाण्याजवळ जाऊन बसत होता, आमचं बोलणं ऐकू येणार नाही इतकं लांब. ते त्याने आपणहून केलं. घाईबाई त्याच्या कोपऱ्यात उभी राहिली तेव्हा मला क्षणभर तीन म्हणवेना. दोन म्हटलं आणि थांबले. तिने घाई केली नाही. मग मी तीन म्हटलं. तिचा आकडा त्याच्याइतका मोठा नव्हता, माझ्याइतका कोताही नव्हता. पोरीची नजर चांगली आहे, दोघांनी शिकवल्याचा गुण. दोन चौकटी निम्म्याखालीच राहिल्या, एक बरोबर निम्म्यावर अडकली, पण बाकीच्या वर आल्या, आणि ऊन कलायच्या आत आम्हाला दोघींनाही कळलं होतं, की हे वाळुंजवन आहे आणि ते तसंच लिहिलं जाणार आहे. घाईबाईने बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि फोनवर कुणावर तरी ओरडायला सुरुवात केली, की दगडांची गाडी या बाजूला आणायची नाही म्हणून.

मी त्याला सांगायला गेले. तो गोट्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. "झालं," मी म्हणाले. "राहतंय वळण." तो "हं" म्हणाला, नाकातून, माझ्यासारखा. मी त्याच्यासमोर बसले. मला त्याचा चेहरा बघायचा होता, तो खूश झाला का ते. पण मी समोर बसल्याबरोबर त्याने तोंड फिरवलं, दूर नदीकडे, पार पलीकडच्या काठाकडे. मला लागलं ते. म्हटलं, एवढं सगळं झाल्यावर आता माझ्याकडे बघवत नाही का याला. मी उठणार होते.

"बस," तो नदीकडे बघत म्हणाला. "जरा डावीकडे सरक. अजून थोडी. हां." आणि त्याच्या डोळ्याच्या अगदी कडेला, जिथे थोडं उरलं होतं, तिथे मी आले असणार, कारण त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "केस कापलेस?"

"फार दिवस झाले."

"कुणी सांगितलंच नाही मला," तो म्हणाला. "चांगले दिसतात."

वाऱ्याने ते तोंडावर येत होते, पण त्याचं बघून होईपर्यंत मी हलले नाही.